रिकाम्या कपातला घोट

मंडळी, जुळे सोलापुरातल्या ब्रिजच्या स्पर्धेतून आत्ताच घरी आले.

शेवटचा डाव, बिनहुकमी. तेरापैकी नऊ हात जिंकले तर आमची जोडी अंतिम फेरीत, नाहीतर स्पर्धा संपली. माझे भिडू हिरेमठकाका डमी होते, म्हणजे त्यांनी पत्ते उघडे मांडायचे, मी मागेन तो पत्ता टाकायचा आणि गप्प बसायचं. मी घाईत डाव घालवते, म्हणून त्यांनीच मला सवय लावलीय. "पत्ते दिसले की आधी चहाचा घोट घे. पत्ता नंतर माग की."

प्रतिस्पर्ध्याकडून इस्पिक आलं. डमीच्या पत्त्यांत इस्पिकचा एक्का होता. तो मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आठवला. कप उचलला तर रिकामा. तसाच तोंडाला लावला.

त्या खोट्या घोटात डाव दिसला. डमीत चौकटची लांब रांग होती, पण चौकटचा एक्का प्रतिस्पर्ध्यांकडे. तो बाहेर काढल्यावर ती रांग खेळायची तर आधी डमीतून एक हात जिंकायला हवा, आणि त्याला हा इस्पिकचा एक्का सोडून दुसरी वाट नव्हती. मग मी डमीतून छोटा पत्ता मागितला, माझ्याकडच्या इस्पिकच्या राजानं हात घेतला आणि एक्का राखून ठेवला. बरोबर नऊ हात झाले.

काका म्हणाले, "रिकामा कप लई वेळ पीत होतीस की. मी हितं श्वास रोखून बसलो होतो."

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "एवढा उशीर?" मी आधी पाण्याचा घोट घेतला.

तुम्ही काय घेता?