गावात कुठे?

"ते कळलं हो सर. पण गावात कुठे?"

केदारने हे हसत विचारले. दक्षिण ऑकलंडमधल्या एका पॉलिटेक्निकचे वर्कशॉप. अभियांत्रिकी पदविकेचा पहिला आठवडा. लेथ यंत्रांच्या रांगेपुढे आम्ही विद्यार्थी अर्धवर्तुळात उभे होतो. आमचे शिक्षक विरेमू हे माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी होते. त्यांची रीत अशी, की ओळख करून देताना माणसाने आधी आपला डोंगर सांगावा, मग नदी, मग आपली माणसे आणि सर्वांत शेवटी नाव. मी इंग्रजीत सांगितले, आमच्याकडे डोंगर नाही, माळ आहे. नदी सीना. नदीकाठचे गावही सांगितले. माणसांपाशी मात्र अडखळलो आणि थेट नावावर आलो.

केदारच्या ते लक्षात आले. शेजारीच उभा होता. मराठीत म्हणाला, "माझं आजोळ तिथलंच. मळा आहे आमचा सीनेकाठी, म्हणून विचारतोय. तुमच्या आडनावावरून काही कळत नाही."

"वेशीबाहेर," मी म्हणालो. "बौद्धवाड्यात."

"अच्छा, अच्छा."

एवढेच. वर्गातल्या बहुतेकांना आमचे शब्द कळले नाहीत. दोन गाववाले भेटले, असे समजून विरेमूही हसले.

माझी परिस्थिती इथे सांगितली पाहिजे. सोलापूरच्या एका तांत्रिक विद्यालयात मी शिक्षक होतो. पत्नी परिचारिका. तिच्या नोकरीवर आम्ही न्यूझीलंडला आलो. माझी प्रमाणपत्रे इथे चालेनात, म्हणून चौतिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसलो. केदार पुण्याचा इंजिनिअर, माझ्याहून बराच लहान, त्याचीही तीच अडचण. त्याच्याकडे गाडी होती. आम्ही राहायचो त्या ओटाहुहूहून तो मला आणि रश्मीला घेऊन जाई. रश्मीही पुण्याचीच, आमच्याच वर्गातली. मी शिक्षक होतो म्हणून दोघे मला सर म्हणत. "काय सर, निघायचं?" अशी सकाळ सुरू होई.

त्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवशी केदार म्हणाला, "ए, चल."

गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या जागी एक जुना टॉवेल अंथरला होता. "ऑइल लागतं ना तुझ्या कपड्यांना," तो म्हणाला. ऑइल तिघांच्याही कपड्यांना लागत होते. टॉवेल एकच होता.

वर्कशॉपचा नियम साधा होता. ज्याने लेथ चालवला, त्यानेच तो स्वच्छ करायचा. लोखंडाचा कीस झाडून, ऑइल पुसून झाल्याशिवाय काम पुरे झाले असे विरेमू मानत नसत. त्या आठवड्यात केदारने आपला ब्रश माझ्या पुढ्यात ठेवला.

"माझाही करून टाक रे. तुमच्या हाताला सवय असते."

रश्मी हसली. मी केला.

का केला? हा प्रश्न वाचकाने विचारावाच. पदविका पूर्ण होण्यासाठी कारखान्यातला प्रत्यक्ष अनुभव सक्तीचा होता. केदार ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात अर्धवेळ काम करत होता. "तुझ्यासाठी शब्द टाकतो," असे त्याने सांगितले होते. त्या शब्दावर माझी पदविका टांगलेली होती. हे एक कारण. दुसरे कारण अधिक जुने. वर्गात फळ्यावर समता लिहिणारा मी, पण समोर ब्रश आला की माझी मान आपोआप खाली जात होती.

विरेमूंनी एकदा विचारले, "ऑल गुड?"

"ऑल गुड, सर."

"सर नको. इथे कुणी सर नसतं."

घरी पत्नी चिमट्याने माझ्या बोटांतला कीस काढत होती. "एका लेथचा इतका कीस?" तिने विचारले. मी हात मागे घेतला. तिला समजले. म्हणाली, "मी वॉर्डात सगळ्यांचं सगळं काढते. पण पगार घेऊन काढते. तुम्ही कशाचं काढताय?"



काही आठवड्यांनी, एका शुक्रवारी केदारने पुन्हा ब्रश ठेवला. "ए, आटप लवकर. सोमवारी साहेबाशी बोलायचंय ना तुझ्याबद्दल?"

मी ब्रश उचलला आणि त्याच्या लेथवर नेऊन ठेवला. "तुझा लेथ तू साफ कर."

"का? रक्तातलं विसरलास?"

हे म्हणताना तो हसत होता. दुरून पाहणाऱ्याला थट्टाच वाटली असती. त्या क्षणी मला स्वच्छ दिसले. ते हसू वर्गासाठी होते, वाक्य माझ्यासाठी. मराठीच्या भिंतीआड तो मला मारत होता, आणि गप्प राहून त्या भिंतीची राखण मीच करत होतो.

मी विरेमूंना हाक मारली. "माझी ओळख त्या दिवशी अपुरी राहिली. मला ती पुरी करायची आहे."

लेथ एकेक करून थांबले.

मी इंग्रजीत बोललो. "माझी नदी सीना. माझ्या आजोबांना तिचे पाणी गावाच्या खालच्या अंगालाच भरावे लागे. माझी माणसे म्हणजे ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, ती. मी गावात कुठे राहतो, हे या माणसाने मला पहिल्याच आठवड्यात विचारले. तेव्हापासून मी त्याचा लेथ साफ करतो. आत्ता तो म्हणाला, साफसफाई माझ्या रक्तात आहे. हे तो मराठीत म्हणाला, म्हणून तुम्हाला ऐकू आले नाही."

विरेमू केदारकडे वळले. "असं म्हणालास?"

"अरे, जोक होता, मेट."

"मग इंग्रजीत सांग. आम्हीही हसू."

केदारने नजर लेथकडे वळवली. मग विरेमूंनी त्याला ब्रशकडे बोट दाखवले.

पार्किंगमध्ये रश्मीने मला गाठले. "सर, आपलं आपल्यात ठेवायचं ना. काय वाटेल या लोकांना आपल्याबद्दल?"

किती दिवसांनी मी पुन्हा सर झालो होतो.

"आपलं म्हणजे कुणाचं?" मी विचारले.

ती गाडीत बसली. गाडी गेली. मी बसथांब्याकडे चालू लागलो.

ईस्ट टामाकीचे दार अर्थातच बंद झाले. दुसरीकडे अर्ज करत राहिलो, नकार येत राहिले, आणि पदविका लांबणीवर पडली. हे नुकसान खरे आहे. ते मी कमी करून सांगणार नाही.

आजही इथल्या मराठी घरांत, चहाचा कप हाती देता देता कुणीतरी गोड आवाजात विचारते, "गावात कुठे?" मी मोठ्याने सांगतो, वेशीबाहेर. शेजारी ज्या भाषेचा माणूस उभा असेल, त्या भाषेतही सांगतो. मग मी विचारतो, "आणि तुमचे आजोबा गावात कुठे राहायचे? आमची माणसे बाहेर ठेवली, तेव्हा ते काय करत होते?"

कप तसाच हातात असतो. उत्तर मिळेपर्यंत मी तो ओठाला लावत नाही, आणि समोरून हलतही नाही.