अर्धा शेंगदाणा

आज साडेतीन वर्षांच्या लेकीची शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टेस्ट वर्ध्याला करून आणली. हातावर थेंब, वरून हलकीशी टोचणी. ती रडली नाही. नंतर अर्धा तास तिथेच बसवलं. जोराची रिअ‍ॅक्शन आलीच तर म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन तयार ठेवलं होतं.

मला लहानपणीचं समुद्रपूरचं घर आठवलं. शेंगदाण्याने माझ्या अंगावर पित्त उठायचं. "गेलं का पाहू," म्हणत आई दर संक्रांतीला अर्धा दाणा द्यायची आणि लाडू वळणं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

आज फोनवर विचारलं, "आई, तुले भेव नाई वाटे?"

"वाटे नं वं. म्हून तं नजर हटवत नव्हती."

तुमच्याकडे अजूनही असं घरीच पाहतात का? नका पाहू. आईच्या नजरेत काही कमी नव्हतं. फक्त शेजारी ते इंजेक्शन नव्हतं.