चौथं कडवं

मृत्यूनं माणूस गप्प होतो, लावणी होत नाही.

हे वाक्य प्राध्यापक मुकुंद देवस्थळी गेली बावीस वर्षं आपल्या व्याख्यानाच्या सुरुवातीला म्हणत आला आहे, आणि त्यानंतर साधारण पाऊण तास बोलत आला आहे. आज मात्र मृत्यूची वाट न बघता एका दंतवैद्यानंच त्याला गप्प केलं. सकाळी खालची दाढ काढली, खड्ड्यात कापसाचा बोळा दाबला आणि बजावलं, "चोवीस तास बोलायचं नाही. एक शब्दही नाही." बाहेर बसलेल्या वृंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ही सूचना डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतली आणि मगच औषधांची चिठ्ठी घेतली.

आता दुपारचे दोन वाजलेत. मुकुंद दिवाणावर आडवा आहे. गाल मऊ, बधिर, दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो आहे. शेजारी लॅपटॉप उघडा आहे आणि त्यावर तो फॉर्म.

फॉर्म लोकसंगीत संग्रहाचा आहे. जुनी रेकॉर्डिंग आता संगणकावर जाणार, प्रत्येकाची माहिती भरायची, आज पाच वाजता मुदत संपते. फॉर्मची एक खोड आहे: एक रकाना भरल्याशिवाय पुढचा दिसतच नाही. मुकुंद नऊ दिवस 'प्रकार' या रकान्यावर अडकून पडला आहे. पर्याय पाच: लोकगीत, उपशास्त्रीय, सुगम, चित्रपटगीत, इतर. रेकॉर्डिंग एकच: द्वारकाबाई नान्नजकर यांची बैठकीची लावणी.

खरं दुखणं प्रकाराचं नाही. खरं दुखणं त्या कॅसेटमध्ये आहे.

बावीस वर्षांपूर्वी तो टेपरेकॉर्डर घेऊन नान्नजला द्वारकाबाईंच्या घरी गेला होता. बाई तेव्हा सत्तरीच्या. त्यांच्याकडे एक लावणी होती, जी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. 'नका विचारू सखया, दिवा का लावला न्हाई.' पहिल्या कडव्यात बाई कारण देते, तेल सरलं. दुसऱ्यात म्हणते, वारं सुटलंय. तिसऱ्यात, काडी सर्दावली. तिन्ही कारणं खोटी, हे ऐकणाऱ्याला कळतंच. खरं कारण चौथ्या कडव्यात.

कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यातली पहिली एकतीस मिनिटं मुकुंद बोलला आहे. बैठकीची लावणी फडाच्या लावणीपेक्षा वेगळी कशी, ठुमरीची ती कोण लागते आणि कोण लागत नाही, सिनेमातल्या लावणीनं तिचं काय केलं, भावगीतानं तिला कशी ओळख दाखवली नाही, हे सगळं त्यानं द्वारकाबाईंना समजावून सांगितलं आहे. नवव्या, सतराव्या आणि सव्विसाव्या मिनिटाला मागून बाईंचा आवाज येतो, "म्हणू का?" बत्तिसाव्या मिनिटाला बाई गायला लागतात. पंचेचाळिसाव्या मिनिटाला चौथ्या कडव्याचा पहिला शब्द येतो, "कारण", आणि टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन वर येतं.

बाई तेव्हा दमल्या होत्या. "दसऱ्याला येतो, राहिलेलं घेतो," असं म्हणून मुकुंद निघाला. दसऱ्याला परिसंवाद होता. पुढच्या दसऱ्यालाही होता. तो गेला तेव्हा बाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. भाचीला तीन कडवी येत होती. "चौथ्याला मावशी मला च्या टाकायला उठवायची," ती म्हणाली.

त्या चौथ्या कडव्यावर मुकुंदनं दोन शोधनिबंध लिहिले आहेत. दोन्हींना पारितोषिकं मिळाली.

डोळे जड होतात. वर पंखा फिरतो आहे. पंख्याची पाती हळूहळू उजळतात, एकमेकांत मिसळतात, त्यांचा गोल दिवा होतो आणि तो दिवा खाली खाली येत त्याच्या तोंडावर थांबतो.

"आ करा," द्वारकाबाई म्हणतात.

मुकुंद आ करतो. तो दंतवैद्याच्या खुर्चीत आहे. खुर्चीला लोड आणि तक्क्या लावलेला आहे, त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. बाई समोर गादीवर बसल्या आहेत, एक गुडघा मुडपून. जांभळी नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. पुढ्यात पितळी पानाचा डबा. डब्याच्या एका कप्प्यात कात, एकात चुना, एकात सुपारी आणि एकात त्याची दाढ.

"ही तुमचीच न्हवं, मास्तर?"

"हो, माझीच."

बाई दाढ उजेडाकडे धरून बघतात. "लई बोललीय बिचारी," म्हणतात आणि कप्प्यात परत ठेवतात.

मुकुंदच्या लक्षात येतं की आपल्याला बोलता येतंय. दुखत नाहीये. आणि समोर द्वारकाबाई आहेत. आता वेळ घालवून चालणार नाही.

"बाई, चौथं कडवं."

"म्हणू का?"

"म्हणा. लगेच म्हणा. फक्त एक सांगा, हे लोकगीत म्हणायचं की उपशास्त्रीय? फॉर्ममध्ये भरायचंय. म्हणजे मला व्यक्तिशः दोन्ही मान्य नाही, कारण…"

बाई डबा मिटतात. "होऊ द्या तुमचं," म्हणतात.

पाठीमागून शिट्ट्या येतात. मुकुंद वळून बघतो तर दवाखान्याचा पडदा आता कनातीचा आहे, आणि पलीकडे जत्रेतला फड रंगला आहे. ढोलकी कडाडते आहे, पोरी उभ्यानं नाचताहेत, पाच-पाच किलोचे चाळ एकदम वाजताहेत. मागच्या रांगेत एकजण फेटा उडवतो. फेटा वरच्या दिव्याला अडकतो आणि तिथंच राहतो.

"हे वेगळं," मुकुंद म्हणतो.

"वेगळं म्हंजी?"

"म्हणजे फडाची लावणी गर्दीसाठी. उभ्यानं, लय चढती. बैठकीची बसून, दहा-पंधरा जाणकारांपुढं, पेटी-तबल्यावर. रागाचं अंग असतं, एकच ओळ परत परत…"

"मास्तर," बाई मध्येच म्हणतात, "मी धा वर्सं फडात नाचली, चाळीस वर्सं बैठकीला बसली. मला ठावं हाय."

"हो, पण शास्त्रीयदृष्ट्या…"

"शास्त्र ऱ्हाऊ द्या. फडात मानसं पायाकडं बघत्यात, बैठकीत तोंडाकडं. एवढाच फरक. ठुमरीवाली माझी मावसबहीन समजा, शेरात दिलेली. आन् शिनेमातलीच्या अदा तो क्यामेरा करतो, ती बिचारी निस्ती घामाघूम हुती." त्या डबा बाजूला सारतात. "तुमी त्या दिवशी कुठंच बघत न्हवता. तुमी वहीत बघत हुता."

मुकुंदला हे लिहून घ्यावंसं वाटतं. तो खिसा चाचपतो.

"बगा. परत वही," बाई म्हणतात.

तो ओशाळतो. मान वर करतो तर आता ते दोघं महाविद्यालयाच्या सभागृहात आहेत, पहिल्या रांगेत. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मंचावर बत्तीस वर्षांचा मुकुंद देवस्थळी उभा आहे. झब्बा, खांद्याला झोळी, केस भरपूर. समोर तोच टेपरेकॉर्डर, आणि माइकचं तोंड स्वतःकडे.

"…आणि म्हणूनच," मंचावरचा मुकुंद म्हणतो आहे, "भावगीतातली नायिका नऊवारी नेसली तरी तिचा विरह सहावारीच असतो."

हे वाक्य मुकुंदला आजही आवडतं. आज मात्र त्याला घाम फुटतो, कारण टेपरेकॉर्डरच्या झाकणातून फिरणारी चकती दिसते आहे. डावीकडची फीत भराभर संपते आहे.

"थांब!" तो ओरडतो. "अरे, फीत संपतेय. बाईंना गाऊ दे."

"प्रश्न शेवटी घेऊ," मंचावरचा मुकुंद नम्रपणे म्हणतो.

"हा प्रश्न नाहीये! मी तूच आहे!"

"आपला मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याकडे मी येतोच आहे. तत्पूर्वी ठुमरी."

मुकुंद मंचाकडे धावतो. जितक्या पायऱ्या चढतो तितक्याच नव्या येतात. हा माणूस आपल्याला इतका वेळ कसा सहन झाला, हे त्याला कळत नाही. बाई मात्र शांत बसून आहेत, यजमानाकडे जेवायला उशीर झालेल्या पाहुण्यासारख्या.

"बाई, तुम्ही त्या दिवशी त्याला गप्प का नाही केलंत?"

"कसं करनार? एवढ्या लांबून आला हुता. शिकल्याला मानूस. मला वाटलं, बोलून झालं की ऐकंल."

"दुसरी बाजू कोरी होती, बाई. कॅसेट नुसती उलटवली असती तरी…"

"म्या सांगितलं की. 'उलटी घाला' म्हनलं. तुमी म्हनला, त्या बाजूला तुमचं बारामतीचं भाषान घ्यायचंय."

मुकुंद मटकन खाली बसतो. गादीवर बसतो, कारण सभागृह राहिलेलं नाही. नान्नजची ती खोली आहे. खिडकीतून उताराचं ऊन आलं आहे. पेटीवाला नाही, तबलजी नाही, तरी कुठेतरी ठेका धरलेला आहे, अगदी हलका, दाराशी कुणी बोटांनी वाजवावा तसा.

"दिवा का नाही लावला, बाई? मी तर्क केलाय. पहिल्या निबंधात म्हटलंय की नायिका विधवा असावी. दुसऱ्यात म्हटलंय की दिवा हे आत्म्याचं…"

"दिवा लावला असता तर तुमी परत वहीत बघितलं असतं."

"हे… हे चौथं कडवं आहे?"

"न्हाई. हे मी आपलं माझ्या मनचं बोलले."

मग त्या डबा उघडतात. पान पुसतात, चुना लावतात, कात लावतात, सुपारी घालतात. विडा दुमडतात आणि त्याला एक लवंग टोचतात. सगळं सावकाश. मुकुंदच्या जिभेवर तीन प्रश्न येऊन उभे राहतात.

"आ करा."

तो आ करतो. त्या विडा त्याच्या गालात सारतात, नेमका त्या रिकाम्या जागी. "बैठकीत इडा कशापायी देत्यात, ठावं हाय? तोंड भरल्यालं असलं की मानूस बोलत न्हाई. आता बसा."

तो बसतो. बाई गातात.

'नका विचारू सखया, दिवा का लावला न्हाई.' एकदा म्हणतात, नवऱ्याला म्हणावी तशी, भुवई किंचित चढवून. मग तीच ओळ, मान खाली, सासूला. मग तीच, डोळे मिटून, नुसती स्वतःशी. शब्द तेच, सूर जवळजवळ तेच. मुकुंदनं ही ओळ कॅसेटवर हजार वेळा ऐकली आहे. त्यात इतक्या बायका आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. हात मांडीवर आहे, फक्त करंगळी हलते, आणि तेल सरतं. पदर जरासा सावरला जातो, आणि वारं सुटतं. काडी सर्दावते तेव्हा बाई ओठ असे मुडपतात की मुकुंदला हसू येतं.

"कारण…" बाई गातात.

खट्कन काही होत नाही.

चौथं कडवं येतं. संपूर्ण येतं. चार ओळींचं आहे. कारण इतकं साधं आहे की मुकुंद मनातल्या मनात दोन्ही निबंध फाडून टाकतो, आणि त्याला अजिबात वाईट वाटत नाही. तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीच म्हणायचं नसतं.

गाणं थांबतं. ठेका थांबतो.

"कळलं?" बाई विचारतात.

नुसती मान हलवायची आहे. मुकुंदला ते पक्कं माहीत आहे. तो मान हलवायला घेतो. पण नुसतं कळलं म्हणणं अपुरं होईल असं त्याला वाटतं, कारण नेमकी याच जागी ही लावणी ठुमरीपासून वेगळी होते, आणि हे बाईंना कुणी आजवर सांगितलं नसणार. एकच वाक्य. तो तोंड उघडतो.

पंखा फिरतो आहे.

कापसाचा बोळा उशीवर पडला आहे, लालभडक. मुकुंद ताडकन उठून बसतो आणि मिटल्या डोळ्यांनी ओळी पकडू बघतो. ठुमरीबद्दलचं वाक्य आठवतं, जसंच्या तसं. सहावारी विरह आठवतो. बारामतीसुद्धा आठवते. कडवं आठवत नाही. "कारण" आठवतं, पण ते कॅसेटवरही आहे.

उजवी मूठ घट्ट वळलेली आहे. तो उघडतो. तळहातावर एक लवंग.

तो धडपडत स्वयंपाकघरात जातो आणि लवंग वृंदापुढे धरतो. बोलायचं नाही हे विसरून म्हणतो, "ही बघ. ही कुठनं आली?"

"दाढेत धरायला डबीभर घेऊन हिंडत होतास ना आठवडाभर? काल केर काढताना सात निघाल्या." ती नारळाची वाटी खवणीवरून बाजूला ठेवते. "आणि बोलू नकोस. झोपेतही बोलत होतास."

"काय बोलत होतो?"

"काय बोलणार? फडाची आणि बैठकीची." ती हाताचं खोबरं झटकते. "मध्ये मात्र गुणगुणायला लागलास. चांगलं वाटत होतं रे. काहीतरी जुनं होतं. चांगल्या तीन-चार ओळी होत्या."

मुकुंद ओट्यावरची किराण्याची यादी आणि पेन ओढून घेतो. "कुठल्या ओळी? वृंदा, नीट आठव. शब्द काय होते?"

"ते नाही बाई ऐकू आलं," वृंदा म्हणते. "मी चटणीला मिक्सर लावला."

साडेचार झालेत. मुकुंद दिवाणावर येऊन बसतो, लॅपटॉप मांडीवर घेतो आणि 'प्रकार'पुढं 'इतर' निवडतो. नऊ दिवस दडून बसलेला पुढचा रकाना उघडतो. तो शेवटचाच आहे.

मुख्य आवाज, असं त्यावर लिहिलेलं आहे, आणि खाली बारीक अक्षरात सूचना: ज्या व्यक्तीचा आवाज सर्वाधिक वेळ ऐकू येतो, तिचेच नाव लिहावे.

एकतीस मिनिटं आणि चौदा मिनिटं. मुकुंद स्वतःचं नाव टाइप करतो. फॉर्म स्वीकारला जातो.