मनोऱ्याखालचं नाक

माझे मामा तेलशुद्धीकरण कारखान्यात एकतीस वर्षं एकाच मनोऱ्याखाली उभे राहिले. लग्नानंतर मामींशी त्यांनी पहिल्या मोठ्या गप्पा मारल्या त्या खनिज तेलाच्या. समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव मेले, गाळाखाली गाडले गेले, वरून दाब, खालून उष्णता, आणि कोट्यवधी वर्षांनी त्यांचं तेल झालं. "आणि तुम्हाला चहा पाच मिनिटं उशिरा चालत नाही," मामी म्हणाल्या.

हे तेल भट्टीत तापवून मनोऱ्यात सोडतात. वाफा वर चढता चढता निवतात. जड असेल ते खालच्याच मजल्यावर पुन्हा पातळ होतं, ते डिझेल. त्याच्या वर रॉकेल, आणखी वर पेट्रोल, आणि गॅस पार टोकाला. ज्याची वाफच होत नाही ते तळाशी राहतं, त्यातून डांबर. "कुणाला ढकलावं लागत नाही. ज्याचा तो आपल्या मजल्यावर उतरतो," मामा कौतुकाने सांगत. नातेवाइकांनाही त्यांनी मजले वाटून दिले होते. माझा नवरा डांबर.

दर पाळीत मजल्यामजल्याच्या नळातून नमुन्याच्या बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवणं हे मामांचं काम. पण तिथला कागद यायच्या आत ते नुसतं हुंगून सांगत, "डिझेलमध्ये रॉकेल उतरलंय." कागदही तेच म्हणे. कारखान्यात त्यांना 'नाकवाले' म्हणत.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि एका सर्दीत ते नाक गेलं. मामींना कळलं तेव्हा मामा करपलेल्या दुधाशेजारी निवांत पेपर वाचत होते.

"कुणाला बोलू नकोस," मामा म्हणाले, "मनोऱ्यावरून काढतील मला." मामींनी फक्त मला सांगितलं.

तरी मामांचा अंदाज चुकेना. मी खोदून विचारलं.

"बोट बुडवतो," ते म्हणाले. "पेट्रोल गार लागून उडून जातं, रॉकेल रेंगाळतं, डिझेल बोट सोडत नाही. नाक आपलं दाखवायला."

कारखान्याच्या वर्धापनदिनी साहेबांनी सगळ्यांच्या घरच्यांसमोर या नाकाचा प्रयोग ठेवला. डोळ्यांवर पट्टी, समोर तीन बाटल्या. मामा निर्धास्त होते. त्यांनी हात पुढे केले, आणि सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांवर रबरी हातमोजे चढवले. नियमच होता तसा. हुंगू नये असाही नियम होता, पण तो पाहुण्यांसमोर कुणाला आठवला नाही.

मामांनी बाटली नाकाशी धरली. बराच वेळ.

"काहीतरी ठोकून द्या ना," माझ्या शेजारी मामी पुटपुटल्या.

मामांनी पट्टी काढली. "साहेब, वर्ष झालं, मला कसलाच वास येत नाही."

हशा पिकला. "बघा, किती साधा माणूस," साहेब म्हणाले. मामांनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा टाळ्याही पडल्या. हसले नाहीत ते एकटे कारखान्याचे डॉक्टर.

परतताना मामींनी खरं सांगण्याचं कारण विचारलं. मामा म्हणाले, "चुकीच्या नावाची बाटली आजवर पुढे पाठवली नाही. आता काय पाठवायची?"

आठवड्याभरात त्यांची बदली प्रशिक्षण वर्गावर झाली. खिडकीतून मनोरा दिसतो, एवढी मेहरबानी. नव्या भरतीला ते पहिल्याच दिवशी बजावतात: बाटली नाकाला लावायची नाही, हातमोजे काढायचे नाहीत.

"मग तुम्ही कसं ओळखायचात, सर?" परवा एकीने विचारलं.

"प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत थांबायचो," मामांनी सांगितलं.