आबांच्या अठरा काचा

आबा कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकीशी जात आणि काचेवर नखाने टिचकी मारून कान देत. घरच्या माणसांची विचारपूस नंतर. मला पाहायला शीवला आमच्याकडे आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. मी चहाचा ट्रे धरून उभी. आबांनी दोन्ही खिडक्या वाजवून पाहिल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. डावीकडची काच मात्र सुटलीय." लग्नाआधी ती त्यांनीच येऊन नीट बसवून दिली.

आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे मालवणकडचे. लालबागच्या चाळीत राहून त्यांनी जन्मभर खिडक्यांना काचा बसवल्या. गिरण्यांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पुट्टीचा गोळा आणि काच कापायचा हिरा. हिरा म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेला एक कण. पण "आमच्या घरी हिरा आहे" असं माझी मुलगी शाळेत सांगून आली आणि बाईंनी मला बोलावून घेतलं. माझ्या पायातल्या चपला पाहून बाईंनीच काय ते समजून घेतलं.

आबांचं एक म्हणणं होतं. "काच दिसली म्हणजे काम बिघडलं. माणसाने काचेतून बघायचं, काचेकडे नाही." हा नियम ते माणसांनाही लावत. पाहुण्यांसमोर माझा आवाज फुटत नसे. सासूबाई होत्या तेव्हा त्यावरून बोलत, "हिला तोंड दिलंय की नुसतं रंगवलंय?" आबा म्हणत, "घरात आहे ते कळत नाही, म्हणजे नीट बसलीय." ही स्तुती होती. मी ती तशीच घेतली.

पुढे गिरण्या पडल्या आणि तिथे टॉवर आले. टॉवर सगळे काचेचेच, पण त्या काचा क्रेनने चढतात आणि त्यांना पुट्टी लागत नाही. आबा संध्याकाळी फिरून येत आणि आज काय पाडलं ते सांगत. "नाक्यावरची शाळा गेली. सगळ्या खिडक्या माझ्या होत्या." मग आमटी वाढायला सांगत.

त्यांच्या मते त्यांच्या हातचं आता एकच काम शाबूत उरलं असेल, तर ते परळच्या एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यातलं. चाळीसेक वर्षांपूर्वी वादळात तिथे झाड पडून अठरा काचा फुटल्या होत्या. शेटाणीने बजावलं होतं, नव्या काचा लावल्या तर म्हाताऱ्या तोंडात कवळी बसवल्यासारखं दिसेल. म्हणून आबा दोन महिने जुन्या काचा शोधत हिंडले. गिरगावात एक चाळ पाडत होते, तिच्या खिडक्यांत मिळाल्या. तशाच लहर असलेल्या, आत बारीक बुडबुडे असलेल्या. पंधरा जिन्यातल्या आणि तीन संडासातल्या.

बंगल्याला उंच भिंत आणि फाटकावर पहारा. आत जायची सोय नव्हती. "असतील, की काढल्या असतील गो?" आबा जेवता जेवता मधेच विचारत. मला काय ठाऊक असणार? पण विचारताना त्यांचा घास हातातच राहायचा.

मग दोनेक वर्षांमागे त्याच बंगल्याच्या बागेत काचेच्या शिल्पांचं प्रदर्शन भरलं. सगळ्यांना मोफत. मुलीने मोबाइलवर दाखवलं. दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. यांना रजा नव्हती, म्हणून सोबत मी गेले.

बागेत लाल काचेचे बांबू उभे केले होते. तळ्यात काचेची कमळं होती, एकेक टोपलीएवढं. वडाखाली निळे गोळे मांडलेले. लोक गर्दी करून फोटो काढत होते. आबांनी एक कमळ नीट न्याहाळलं आणि पहारेकऱ्याला विचारलं, "हे धुतो कोण?"

"सकाळी पाइप मारतात, काका."

"आणि कावळे?"

"ते येतात परत."

आबांनी मान हलवली. त्यांचं प्रदर्शन पाहून झालं. तिथून ते तडक व्हरांड्याकडे निघाले.

व्हरांड्यापुढे दोरी बांधली होती. आबांनी चष्मा पुसला, माझा दंड धरला आणि एकेक खिडकी पाहत गेले. मग हळूच म्हणाले, "आसत गो. सगळ्यो आसत."

तेवढ्यात माहिती सांगणारी एक बाई दहा-बारा लोकांना घेऊन आली. "या काचा बंगल्याइतक्याच जुन्या," ती म्हणाली. "विलायतेहून बोटीने आलेल्या. आतले बुडबुडे पाहा. असं काम आता कुठे होतं?" लोकांनी पाहिलं. एका जोडप्याने सेल्फी काढला. मागे नेमकी आबांनी मघाशी बोटाने दाखवलेली संडासातली काच होती.

आबा आता बोलतील असं मला वाटलं. ते दोरीच्या गाठीकडे बघत राहिले. तेवढ्यात कुणीतरी बोललं, "या काचा आमच्या आबांनी बसवल्यात. गिरगावातून आणून." सगळे माझ्याकडे वळले तेव्हा कळलं, बोलले ती मीच. माझे कान तापले.

"हो का काका? तुम्ही बसवल्यात?" बाईने हसून विचारलं.

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडक्यांकडे पाहिलं. "नाय हो," ते म्हणाले. "ही चुकतेय. मूळच्याच त्या. विलायती."

फाटकाबाहेर येताच आबा माझ्यावर उखडले. "तुका कोणी बोलूक सांगितल्यान? चाळीस वर्सां कोणाक दिसाक नाय, ता तू दाखवूक निघालंस? घरी कोणाक सांगू नको." मी मान खाली घालून चालत होते. सिग्नलपाशी ते स्वतःशीच पुटपुटले, "बोटीने आल्या म्हणे." रस्ता ओलांडल्यावर पुन्हा एकदा तेच म्हणाले. मग बसस्टॉपवर त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला, आणि शेजारच्या माणसाने उठून त्यांना जागा दिली.

पुढच्या वर्षी आबा गेले, झोपेतच. तेराव्याला माणसं जमली होती. एक नातेवाईक म्हणाले, "साधा माणूस. मागे काही ठेवून गेला नाही." मी पाण्याचे पेले फिरवत होते. त्यांच्यापुढे थांबले, पण आबांनी बजावलं होतं, म्हणून पाणी देऊन पुढे गेले.

बोलू नको म्हणाले होते, म्हणून लिहिते. परळच्या त्या बंगल्याला बागेच्या बाजूने व्हरांडा आहे. त्याला तीन खिडक्या आहेत आणि एकेकीत सहा काचा. त्या माझ्या सासऱ्यांनी बसवल्या आहेत. आबांना हे आवडणार नाही. न आवडो.