बादशहा सापडला नाही

"रुकायचं ना, भाऊ," असं म्हणत सर टेबलावरचं डस्टर आडवं पाडायचे. ते डस्टर म्हणजे रोमचा बादशहा व्हॅलेन्स.

अभ्यासक्रमात नसलेलंच शिकवायची हौस असलेला एक तरी शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे. रिकामा तास दिसला की इतिहासाचे सर तो मागून घेत आणि एड्रियानोपलची लढाई लावत. खडूचे तुकडे गोल मांडले की गॉथ टोळ्यांच्या गाड्या तयार. बादशहाचा पुतण्या फौज घेऊन मदतीला निघालेला. पण विजयात वाटेकरी नको म्हणून बादशहा थांबला नाही. तहानलेलं सैन्य भर उन्हात पुढे नेलं. गॉथांचं घोडदळ अचानक परतलं आणि सगळं संपलं. "अन् बादशहाचं प्रेत? शेवटपर्यंत नाही सापडलं."

हे ते इतक्या चवीनं सांगत की शेजारच्या वर्गातून मला जावं लागे. सर, तिकडे गणित चालू आहे.

"माफ करा ताई. रोम पडतंय."

एका पावसाळ्यात त्यांचा मुलगा फोपनारहून मोटारसायकलनं घरी येत होता. नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशीपुलावरून, पाणी चाललं होतं. उतरेल घंटाभरात, असं लोक म्हणाले. तो थांबला नाही. मोटारसायकल झुडपात अडकलेली मिळाली. तो तापीत गेला असावा.

देह मिळाला नाही तर आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. सरांच्या बायकोला, वहिनींना, ते करायचं होतं. पोरगा अधांतरी राहिला म्हणून त्यांना घास जात नव्हता. गुरुजी, पानं, सामान, सगळं मी ठरवलं आणि घाटावर बसलेल्या सरांना सांगायला गेले. पाण्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "रुकू ना, ताई. एवढी काय घाई?"

मी गुरुजींना नको म्हणून कळवलं. वहिनी पुढेही विषय काढत राहिल्या. सर उठून घाटावर जात.

रिकामे तास मी आपण होऊन त्यांच्या नावावर टाकत गेले. एकदा वर्गानं ती लढाई मागितली. सरांनी खडू गोल मांडले, डस्टर हातात घेतलं, आणि घंटा होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

या उन्हाळ्यात सर गेले. वहिनींचा फोन आला. "पळसाची पानं घेऊन या," एवढंच म्हणाल्या.

पुतळ्याला वेगळी चिता हवी, असं गुरुजी म्हणत होते. वहिनींनी ऐकलं नाही. त्यांनी तो सरांच्या कुशीत ठेवला. नदीच्या वाऱ्यानं पानं हलायला लागली, तेव्हा सरांचा हात उचलून त्यावर ठेवला.