बाळूच्या भातावर तूप नको

अंगात चरबी नव्हती म्हणून माझा धाकटा भाऊ गेला.

हसू नका. नव्वदच्या दशकात आमच्या गावात, लासुर्ण्यात, आम्हीही हसायचो.

बाळूच्या गालाला मांस नाही आणि दंडावर शिरा दोरखंडासारख्या. तालमीतले वस्ताद दंड चाचपून म्हणायचे, "लोकं मरमर मरून अशी बॉडी कमावत्यात. ह्यो आईच्या पोटातनंच घिऊन आलाय."

मग खुराक सुरू. लोणी, तूप, बदाम.
आई वाटी घेऊन त्याच्या मागं. "खा रं, गाल भरू देत."

गाल भरले नाहीत. शुगर निघाली.

इन्सुलिनचा डोस वाढत गेला, शुगर हलेना. डॉक्टर त्याच्यावरच ओरडायचे, "तू टोचून घेतच नाहीस."

"दादा, तू तरी सांग की त्यांना."
मी सांगितलं. रोज मीच टोचत होतो. कोण ऐकतंय?

एक दिवस पोट धरून कोसळला. माझ्या दुधाच्या टेम्पोत घालून पुणं गाठलं.

लॅबच्या खिडकीआड कुणीतरी हळूच म्हणालं, "हे रक्त आहे की दूध?"
माझे कान तिखट. नको ते आधी ऐकू येतं.

मोठ्या डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून धंदा विचारला.
"दूध घेऊन केंद्रावर गेलात आणि उतरवून घ्यायला कुणीच नसलं तर?"
"गाडीतच नासतं, मॅडम."
"तसंच झालंय. चरबीच्या पेशींवर इन्सुलिन ओळखणारे रिसेप्टर असतात. तिथं इन्सुलिन बसलं की पेशी जादाची साखर, चरबी आत ठेवून घेते. ह्याच्या अंगात त्या पेशीच नाहीत. खाल्लेलं तूप रक्तातच फिरतंय."

"मग माझी काढून घाला. माप हाय." मी शर्ट वर करून ढेरी दाखवली.

मॅडम हसल्या नाहीत.
"असं घालता येत नाही हो. ह्यावर औषध अजून निघालेलं नाही. आधी तूप बंद करा."

मी वॉर्डात येऊन आईला सांगितलं. तिनं बाळूचा गाल चाचपला. मग म्हणाली, "मग मी त्याला देऊ तरी काय?"

बाळूच म्हणाला, "कोरडी भाकर दे. पर तुज्या हातची दे."

ती भाकर खायला तो घरी आला नाही.

आज त्याची तिथी. आईनं पान वाढलं. माझी बायको सवयीनं भातावर तूप सोडायला वाकली, तर आईनं तिचा हात धरला.

"त्याला चालत न्हाय."

बाळू, ये रं. कोरडंच वाढलंय.